एकाच चुलीवरचे

हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर लोक बीचसाठी जातात. मी हेल्मेट, टॉर्च लावून थेट जमिनीखाली! गुहा २००४च्या लाव्ह्याची. दुधावर साय धरावी तसा वरचा थर कडक झाला, आतला लाव्हा वाहून गेला, उरला बोगदा. एकदम सही!

रात्री जळगावला फोन केला. आई म्हणाली, "इतक्या लांब जाऊन काळा दगडच पाहिलास?"

आई, तो आपलाच दगड गं! भूशास्त्रज्ञांच्या मते सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भारत याच हॉटस्पॉटवरून सरकत होता, तेव्हा दख्खनचा लाव्हा उसळला. अजिंठ्याचा कातळ, धुळ्याचा लळिंग, आपल्या कपाशीची काळी माती, सगळं त्यातूनच.

आता ऑफिसात कुणी विचारू दे, "खान्देशात आहे काय? ऊन आणि केळी?" सांगेन, "ते बेट ज्या चुलीवर आज शिजतंय, त्याच चुलीवरची आधीची भाकरी आमची!"