गळतंय कुठून?

नवीन मोबाईल घ्यायचा तर आपण आठ दिवस रिव्ह्यू वाचतो. कमोडच्या मागे भिंतीतून निघून फ्लश टँकला पाणी नेणाऱ्या दीड फुटी कनेक्शन पाइपकडे मात्र कुणी ढुंकूनही बघत नाही. आणि तो बिचारा दिवसरात्र गच्चीवरच्या टाकीचं प्रेशर अंगावर घेत उभा असतो!

तर झालं असं की, शनिवारी सकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या. भांडायला नव्हे. भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. म्हणाल्या, "अरे, आमच्या बाथरूमच्या दिव्यातून पाणी टपकतंय रे. म्हणून दिवा बंदच ठेवलाय. पण ह्यांना रात्री दोन-तीनदा उठावं लागतं..."

काका पंचाहत्तरीचे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. ओली फरशी, मिट्ट काळोख आणि त्यात काका. खाली जाऊन आधी त्या लाईनचा एमसीबी पाडला आणि कोपऱ्यात बॅटरीवरचा एक दिवा ठेवून आलो. मग प्लंबरला फोन. "उद्या येतो साहेब." प्लंबरच्या 'उद्या'ला आमच्या स्टेटस मीटिंगमधल्या 'ऑलमोस्ट डन'इतकाच अर्थ असतो. म्हटलं, चला, आपणच बघू.

पाइपच्या खालच्या टोकाला, अँगल कॉकवरच्या नटाला थेंब लटकत होता. बायको म्हणाली, "तो नट आवळून टाक की." सरळ दिसणारी गोष्ट. पण लॉगमधली शेवटची ओळ म्हणजे बगची जागा नव्हे, हे ऑफिसात इतक्यांदा बघितलंय की हात आवरला. सगळं फडक्यानं कोरडं केलं आणि प्रत्येक सांध्याला टिश्यू पेपर गुंडाळला. पाच मिनिटांत वरचा टिश्यू भिजला! गळती टँकखालच्या नटातून होती. पाणी पाइपच्या अंगावरून ओघळत खाली येऊन लटकत होतं, इतकंच.

खाली वाटी ठेवून मोजलं (सवय, दुसरं काय). दहा मिनिटांत २०० मिली. म्हणजे दिवसाला जवळजवळ २९ लिटर. दीड बादली पाणी फरशीच्या फटींतून आमच्याकडून काकूंकडे!

अँगल कॉक पूर्ण फिरवला तरी पाण्याची बारीक धार चालूच. म्हणून गच्चीवर जाऊन आमच्या लाईनचा व्हॉल्व्ह बंद केला, फ्लश ओढून टँक रिकामा केला, खाली बादली लावली आणि पाइप काढला. वरच्या नटातलं रबरी वॉशर नखानं दाबलं तर दबेना. पार लाकूड झालेलं.

जुना पाइप घेऊनच हार्डवेअरच्या दुकानात गेलो. हे आवर्जून करावं. 'एवढा एवढा लांब' असं हातानं दाखवून काहीतरी भलतंच घरी येतं. अर्धा इंची नट, अठरा इंच लांबी, वरून स्टीलची जाळी. मी टेफ्लॉन टेपही मागितली, तर दुकानदार काका म्हणाले, "ह्या नटाला टेप कशाला? इथं पाणी वॉशर अडवतं, आटे नाही अडवत. टेप लागते ती भिंतीत अँगल कॉक बसवताना." मग वर तंबी, "आणि ताकद लावू नका. टँकचे आटे प्लॅस्टिकचे असतात. हातानं घट्ट करा, मग पान्यानं पाव फेरा. बास."

नवा पाइप लावायला वीस मिनिटं लागली, त्यातली पंधरा कमोड आणि भिंत यांच्यामध्ये खांदा कसा घालायचा यात गेली. पाणी हळूहळू सोडलं. तासाभरानं बघितलं, दोन्ही टिश्यू कोरडे ठणठणीत.

रविवारी सकाळी काकूंचा फोन. "अरे, थांबलं नाही रे अजून."

पोटात गोळा आला. वर जाऊन टिश्यू पुन्हा तपासले. कोरडेच. शंका नको म्हणून दिवसभर तो संडासच वापरला नाही, म्हणजे ड्रेनेजचा संशय असेल तर तोही कळेल. तरी खाली टपटप चालूच. पण थेंबांमधलं अंतर वाढत होतं. त्याचं कारण आपल्याकडच्या बांधकामात आहे. बऱ्याच इमारतींत संडास-बाथरूमचा स्लॅब मुद्दाम फूटभर खाली घेतात, त्यात पाइप टाकतात आणि विटांचे तुकडे वगैरे भरून वर फरशी बसवतात. गळकं पाणी त्या भरावात मुरून बसतं. वरचा झरा बंद झाला तरी ते साठलेलं पाणी सावकाश, आपल्या सोयीनं खाली उतरतं. काकूंना हे सगळं समजावलं. त्यांनी मान हलवली आणि दिव्याखाली एक तपेली ठेवली. माझ्या थिअरीपेक्षा त्यांचा तपेलीवर विश्वास जास्त, आणि ते योग्यच होतं.

सोमवारी तपेली अर्धी भरली. मंगळवारी तळाला बोटभर. गुरुवारी कोरडी. मग इलेक्ट्रिशियन बोलावून गंजलेला होल्डर बदलून घेतला आणि एमसीबी वर केला. छताला ओलीचा नकाशा अजून आहे. तो पूर्ण वाळल्यावर रंग काढून द्यायचं मी कबूल केलंय. काकू 'कशाला रे' म्हणतात, पण नको म्हणत नाहीत.

शुक्रवारी प्लंबरचा फोन आला, "साहेब, ते गळतीचं काम होतं ना?" म्हटलं, ते झालं, पण अँगल कॉक पूर्ण बंद होत नाही, तो बदलायचाय. भिंतीतलं काम आहे, तुम्हीच या.

"उद्या येतो साहेब."