कूस बदलतांना

गेल्या वर्षीं श्रावणांत आमच्या तीर्थरूपांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवें अंग गेलें आणि वाचाही गेली. इस्पितळांतून घरीं आणल्यावर चारचौघांच्या विचारानें ब्यूरोकडून एक सेविका ठेविली. जनरल ड्यूटी असिस्टंटचा अभ्यासक्रम तिनें पुरा केला होता. वय बाविसाच्या आंतबाहेर, अंगानें अगदीं किरकोळ. आमच्या काकूंनीं तिच्या देखतच विचारलें, "ही काय अण्णांना उचलणार?" त्यावर ती शांतपणें म्हणाली, "आजी, उचलायचं नसतंच. वळवायचं असतं."

हें वाक्य आम्हीं त्या वेळीं ऐकून सोडून दिलें. पुढें तिचें काम पाहूं लागलों तेव्हां त्यांतलें मर्म ध्यानांत आलें. अण्णांच्या पाठीखालीं ती एक चादर दुहेरी घालून ठेवी व त्यांना सरकवायचें झालें कीं दोन बाजूंनीं दोघांनीं ती चादर धरून अंग किंचित् अधांतरीं करावें असा तिचा आग्रह असे. ओढल्यानें वरची कातडी गादीस चिकटून जागींच राहते, आंतलें हाड पुढें जातें आणि मधल्या मधें मांस फाटतें, हें आम्हांस बी. ए. होऊनही ठाऊक नव्हतें. दर दोन तासांनीं ती कूस बदलवी. अगदीं आडवें न करतां पाठीमागें उशी देऊन अंग थोडेंसें कलतें ठेवी. एक उशी गुडघ्यांमध्यें, एक पोटरीखालीं, म्हणजे टांचा मोकळ्या राहात. उजवा हात धरून ओढण्यास तर सर्वांस सक्त मनाई होती. निर्जीव झालेला खांदा तेवढ्यानेंही निखळतो म्हणे. भरवितांना डोकें उंच, आणि नंतर अर्धा तास तसेंच.

काकूंच्या तरुणपणीं पाठीस स्पिरिट चोळून वर पावडर लावण्याची रीत होती. काकू तीच घेऊन बसल्या. मुलीनें अण्णांच्या माकडहाडावरील एका तांबूस डागावर बोट दाबून दाखविलें. दाबल्यावर कातडी पांढरी पडली तर बरें. तांबडीच राहिली तर आंत नासावयास प्रारंभ झाला असें समजावें, आणि तेथें चोळणें म्हणजे दुखऱ्यावर घाव. काकू रुसल्या, पण स्पिरिटची बाटली कपाटांत गेली.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत अरुणा शानभाग ह्या परिचारिका १९७३ सालच्या हल्ल्यानंतर २०१५ पर्यंत, म्हणजे ४२ वर्षें, अंथरुणास खिळून होत्या. २०११ सालीं त्यांच्या प्रकरणाचा निर्णय देतांना, इतक्या वर्षांत त्यांना एकही शय्याव्रण झाला नाहीं ह्याची सर्वोच्च न्यायालयानें आवर्जून नोंद घेतली. तो निकाल दयामरणाचा म्हणून सर्वांच्या स्मरणांत आहे. आम्हांस मात्र त्यांतले कूस बदलणारे हात आतां आठवतात.

असो. आमच्या लाजेची गोष्ट पुढेंच आहे.

रोज चार वाजतां अण्णांना पलंगाच्या कांठाशीं पाय सोडून बसवावयाचें, चक्कर येत नाहीं हें पाहावयाचें, मग चांगल्या डाव्या बाजूस लावलेल्या चाकाच्या खुर्चींत घ्यावयाचें, असा क्रम होता. ह्यास दोन माणसें लागत. एके दिवशीं तिनें हांक मारली तेव्हां आम्ही ओसरीवर वर्तमानपत्र वाचीत होतों. दुसरी हांक आली. आम्ही बसल्या जागेवरून म्हणालों, "अगं, घे ना तूंच. रोजचंच आहे. आणि पैसे मोजतों ते कशाला?"

तिसरी हांक आली नाहीं. गादीवरून कांहीं घसरल्याचा आवाज आला.

आम्ही धांवलों. अण्णांचा डावा गुडघा लचकला होता. पण ते आदळले नव्हते. तिनें आपला पाय पुढें करून त्यांचें अंग त्यावरून सावकाश खालीं येऊं दिलें होतें व डोकें आपल्या छातीशीं धरलें होतें. आम्ही काखेंत हात घालून उठवूं लागलों तेव्हां ती ओरडली, "दादा, हात लावूं नका!" त्या घरांत आमच्यावर इतक्या मोठ्यानें कोणी बोललें नव्हतें. तिनें मांड्या, कंबर, पायांची लांबी पाहिली. अण्णा डाव्या हाताची मूठ वळतात का पाहिलें, कारण दुखलें कीं ते तेवढेंच करीत. डॉक्टरांना फोन केला. मग घोंगडीवर घेऊन चौघांनीं वर ठेविलें. हाड मोडलें नव्हतें.

रात्रीं ती वही लिहावयास बसली. रविवारीं वडील बंधू मुंबईहून येत व ती वही वाचीत. आम्ही हळूच म्हणालों, "एवढं लिहायलाच हवं का?" ती म्हणाली, "न लिहिलं तर मीच लपवलं असं होईल."

पुतण्या वकिली करतो. त्यानें जें सांगितलें त्यानें आमची झोंप उडाली. असहाय माणसाची देखभाल करण्याचा करार करून ती जाणूनबुजून टाळणें हा १८६० च्या दंडसंहितेपासून गुन्हा आहे. १ जुलै २०२४ रोजीं अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तो ३५७ व्या कलमांत असून तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आईबापांस कायमचें टाकून देण्याच्या हेतूनें कोठें सोडून येणाऱ्या मुलास २००७ च्या कायद्यानें बरोबर तेवढीच शिक्षा! हयगयीनें मृत्यु ओढवला तर १०६ वें कलम: नोंदलेल्या डॉक्टराच्या हातून उपचार करतांना झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद, इतरांस पांच वर्षांपर्यंत. ती मुलगी इतरांत येते. घरांत सर्वांत कमी पगार तिचा.

"आणि ओसरीवर बसून राहणारा?" आम्हीं विचारलें.

"काका, तिला एकटीला करायला तुम्हीं सांगितलंत. भरपाईच्या दाव्यांत तुम्ही सुटत नाहीं."

रविवारीं बंधूंनीं वही उघडली. चार वाजून दहा मिनिटें, असें लिहून पुढें होतें: दुसरें माणूस दोनदां मागितलें, आलें नाहीं. कोणाचें नांव नव्हतें. बंधूंनीं तें दोनदां वाचलें, चष्मा काढला व म्हणाले, "चारला घरांत कोण होतं?"

"मी," आम्ही म्हणालों.

पलंगावरून अण्णा आमच्याकडे पाहात होते. बोलतां येत नसलें तरी ऐकूं सर्व येत होतें. त्या दिवशींच्या दोन्ही हांका आणि आमचें उत्तरही त्यांनीं ऐकलें होतें. मुलीनें घड्याळ पाहिलें, चादरीचें एक टोंक धरलें आणि दुसरें आमच्यापुढें केलें.