सौर पंप आणि आमचें गांव

डोंगरकडा हें हिंगोली जिल्ह्याच्या कळमनुरी तालुक्यांतील गांव. हा टापू केळीच्या बागांसाठीं ओळखला जातो. केळीस पाणी फार लागतें; म्हणून विहिरीवरील पंप बंद पडला कीं शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. वीज नसेल तेव्हां डिझेलच्या इंजिनाचा आधार. परंतु तें तेल महाग, आणि परावलंबीहि. 1974 सालीं मुंबईनजीकच्या समुद्रांत तेल सांपडलें खरें. तरीहि देशास लागणारें बहुतेक कच्चें तेल परदेशांतूनच येतें. दूरच्या लढाईची झळ आमच्या विहिरीपर्यंत पोहोंचते ती अशी.

सूर्य मात्र मराठवाड्यावर कधीं कृपणता करीत नाहीं. 2024 सालीं राज्य सरकारनें ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजना काढिली. खर्चाचा दहावा हिस्सा शेतकऱ्यानें भरावयाचा. अनुसूचित जातिजमातींच्या शेतकऱ्यानें विसावा. रात्रीं विजेची वाट पाहत काट्याकुट्यांतून विहिरीवर जाणें त्यामुळें टळतें. याचा मला मनापासून आनंद वाटतो.

परंतु त्या आनंदांत एक प्रश्न मनास बोंचतो. पंप मागावयास पदरीं शेत हवें, शेतांत पाणी हवें. ज्यास दोन्ही नाहींत, त्यानें काय मागावें? 2023 च्या सौर कृषी वाहिनी योजनेंत जमीन भाड्यानें दिल्यास हेक्टरीं वर्षाला 1,25,000 रुपये मिळतात, व दरसाल त्यांत शेंकडा 3 वाढ होते. हें भाडें मालकाचें. त्याच रानांत निंदणखुरपणीस जाणाऱ्या बाईचा रोज बुडाला, तर भाडेपट्ट्यांत तिचें नांव कोठेंहि नसतें. आमच्या गल्लींतील इंजिनें दुरुस्त करणारे काका मला म्हणाले, “बाळा, या नव्या पंपाला माझा पाना लागत नाहीं.” त्यांच्या स्वरांत राग नव्हता, म्हणूनच तें मला अधिक लागलें.

यासाठीं नवें यंत्र परत पाठवावें असें मी म्हणणार नाहीं. त्याच योजनेंत ग्रामपंचायतीस वर्षाला 5 लाख रुपये, असे तीन वर्षें मिळण्याची तरतूद आहे. जेथें असा प्रकल्प होईल, तेथील ग्रामसभेनें त्यांतून काकांसारख्या कारागिरांस नव्या पंपांचें काम शिकवावें, आणि पट्ट्या धुणें, गवत काढणें हीं कामें रोज बुडालेल्या बायांस आधीं द्यावीत. ऊन सर्वांच्या अंगणांत सारखेंच पडतें. त्याची मिळकत वांटतांना मात्र माणसांनींच न्याय केला पाहिजे.