गाठ बघून घ्या

परवा शनिवारी पुन्हा चेसिल बीचवर गरवायला गेलो. इंग्लंडच्या दक्षिणेकडचा हा २९ किलोमीटरचा, नुसता दगडगोट्यांचा किनारा. इथे लांब टाकायचं तर आमिष हवेत फडफडून चालत नाही. म्हणून गळ शिशाजवळच्या क्लिपला अडकवायचा. शिसं पाण्यावर आपटलं की तंगूस क्षणभर सैल पडतो आणि गळ आपोआप सुटतो. ना बॅटरी, ना सेन्सर! मात्र गळाचा तंगूस जरा सैल बांधला, तर गळ वाटेतच सुटतो.

ते एक वेळ ठीक. खरी मेख शॉक लीडरची. फेकताना बसणारा झटका झेलायला पुढे जाड तंगूस जोडतात. हिशोब सोपा, दर औंस शिशाला १० पौंड. म्हणजे ५ औंसाला ५० पौंडाचा.

गेल्या वर्षी आळसाने मी जुनीच गाठ चालवली. फेकताना ती सुटली. शिसं कुठे गेलं दिसलंच नाही! पन्नासेक पावलांवर एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. नातवाला उचललं आणि लांब जाऊन बसले.

ऑफिसात 'चालतंय की' म्हणून कोड पुढे ढकलणारा मी, आता प्रत्येक फेकीआधी गाठ चाचपून बघतो.