न उतरणारं लुगडं

आमच्या मिरजेच्या घरी मंगळवारी-शुक्रवारी जोगवा मागायला कुणीतरी यायचं. 'कुणीतरी' म्हणतोय, कारण क्रियापदापाशी आमच्या घरात दोन तट होते. आजी आतून म्हणायची, "जोगतीण आली गं, सुपातले जोंधळे आण." आम्ही पोरं अंगणात बोंबलायचो, "जोगत्या आला!" मराठीत आला की आली हे ठरवल्याशिवाय वाक्य पुढं सरकत नाही. आजीनं ते ठरवून टाकलं होतं. लुगडं नेसलीय, देवीची आहे, म्हणजे बाई. विषय संपला.

डोक्यावरचा देवीचा जग ओट्यावर उतरायचा आणि काखेत चौंडकं यायचं. एका तोंडाला चामडं ताणलेलं पिंप, चामड्यातून निघालेली एकच तार आणि तारेचं दुसरं टोक डाव्या मुठीत. मूठ आवळून तार ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. ना पडदे, ना खुंट्या. सगळं गाणं त्या मुठीच्या भरवशावर. वर तो जाडसर आवाज, मधेच लखकन वर जाणारा. माझी बहीण तेव्हा पेटी शिकत होती. तिला ते गाणं बेसूर वाटायचं, पण दाराआड उभी राहून शेवटपर्यंत ऐकायची.

याच मिरजेत १९०५ साली किर्लोस्कर नाटक मंडळीत एक सतरा वर्षांचा मुलगा शकुंतला होऊन उभा राहिला. पलूस तालुक्यातल्या नागठाण्याचे राजहंस, म्हणजे आपले बालगंधर्व. पुढं त्यांच्यासारखं लुगडं नेसायचं, त्यांच्यासारखा अंबाडा घालायचा, अशी बायकांत चढाओढ लागली. १९३५ साली 'प्रभात'च्या 'धर्मात्मा'त ते पुरुषवेषात एकनाथ होऊन पडद्यावर आले, तर लोकांना ते रुचेना. एवढं वेड! बालगंधर्वांच्या गाण्याबद्दल मी काय बोलणार? पण मला राहून राहून एक गोष्ट खटकते. ज्या ओट्यावर त्यांच्या पदांच्या तबकड्या वाजायच्या, त्याच ओट्याच्या पायरीच्या वर जोगतीण कधी आली नाही. फरक आवाजाचा नव्हता. बालगंधर्वांचा शालू खेळ संपला की उतरायचा. तिचं लुगडं उतरत नव्हतं.

मराठी माणसाला उतरणारं लुगडं फार आवडतं. त्यावर आपण सिनेमेही चांगले काढले. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्यांवरून राजीव पाटील यांनी 'जोगवा' केला; उपेंद्र लिमये यांना अभिनयाचं आणि अजय-अतुल यांना संगीताचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. मी तो सांगलीत पाहिला आणि रडलो. बळजबरीनं जोगत्या केलेला तायप्पा शेवटी देवीचं सगळं झुगारून देतो. 'नटरंग'मधला गुणाही मुळात पैलवानगडी. नाच्या होणं हा त्याचा कलेसाठीचा सोस. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, अशी माणसं आहेत. पण जिला ते लुगडं हेच आपलं खरं अंग वाटतं, जिला ते झुगारायचंच नाही, तिची गोष्ट दोन्हीकडं राहून गेली. तसा सिनेमा तिनंच काढायला हवा.

बाहेरच्या जगातही हे सोपं गेलेलं नाही. सिंथेसायझरवर बाख वाजवून १९६८ साली जगाला थक्क करणाऱ्या वेंडी कार्लोस यांना बाई झाल्यानंतरही काही काळ लोकांपुढं येताना गालांवर खोटे कल्ले चिकटवावे लागले. बालगंधर्वांच्या अगदी उलटा मेकअप! 'मॅट्रिक्स' काढणारे वाचोव्स्की बंधू आज लाना आणि लिली या बहिणी आहेत, हे आपल्याकडं सांगितलं तर अजून पुष्कळजण 'काय सांगता!' म्हणतात. आपल्या शेजारी, कर्नाटकातल्या बळ्ळारीच्या तृतीयपंथी लोककलावंत मंजम्मा जोगती यांना २०२१ साली पद्मश्री दिली गेली. ती घेताना त्यांनी आधी पदरानं राष्ट्रपतींची दृष्ट काढली. टीव्हीवर ते पाहून मला आमचा ओटा आठवला.

आपण कोण हे ज्याचं त्यानं ठरवावं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली सांगितलं. तरीही पोलीस भरतीच्या अर्जात आपल्यासाठी एक रकाना असावा, म्हणून २०२२ साली साताऱ्याच्या एका तृतीयपंथी उमेदवाराला कोर्टाची पायरी चढावी लागली. पुन्हा आला की आली, तेच.

मागं एकदा मार्गशीर्षात जतच्या यल्लम्माच्या यात्रेला गेलो होतो. गर्दीतून बाजूला, लिंबाखाली एक जोगतीण चौंडक्यावर गात होती. तांबड्या-पांढऱ्या मण्यांची माळ, कपाळभर भंडारा, वय पन्नाशीच्या पुढं. चारपाचजण फोन वर धरून उभे होते, त्यातलाच मी एक. गाणं संपल्यावर तिनं माझ्यापुढं हात केला. मी खिशात हात घातला, तर म्हणाली, "पैसं ऱ्हाऊ दे दादा, फोन दाव. कसं आलंय बघू."

तिनं पूर्ण पाहिलं. मग म्हणाली, "माझं नुसतं त्वांड काढलंयस की. मूठ कुठं हाय? गाणं मुठीत असतंय." तिनं परडी उपडी घातली, तिला टेकवून फोन उभा केला, मागं जाऊन वाकून पाहिलं, पुन्हा चार बोटं डावीकडं सरकवला. पाठीमागं पिपाण्या विकणाऱ्या पोराला हाकलून लावलं आणि मला दरडावलं, "आता हलू नगंस." मग बसली आणि पहिल्यापासून गायली.

अडीच मिनिटांची ती चित्रफीत अजून माझ्याकडं आहे. चौकटीच्या बरोबर मधोमध ती मूठ आहे. आवळताना शिरा उठतात, त्या दिसतात. मी काढलेली आधीची केव्हाच पुसून टाकली. पण हिच्याखाली लिहायला माझ्याकडं नाव नाही, कारण मी ते विचारलंच नाही. यंदा तुमच्यापैकी कुणी जतला जाणार असेल, तर फोन वर धरण्याआधी तेवढं विचारून घ्या.