विटेतली जाळी

मलिहाबादेत दशहरीच्या बागांच्या कडेला असलेल्या एका भट्ट्यावरून मी तीन विटा आणल्या: एक पीला, एक अव्वल, एक झामा. पीला म्हणजे भाजणी कमी पडलेली, झामा म्हणजे जळून काचेसारखी झालेली. भट्ट्यावरची माणसं रंग बघून, वीट विटेवर वाजवून भाजणी ओळखतात. मला तीच भाजणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली, खनिजांत बघायची होती.

पीलाची स्लाइड करणं सगळ्यांत जिकिरीचं. पाणी लागलं की कडा ढासळतात. म्हणून आधी रेझिन पाजायचं, मग काचेवर चिकटवून केरोसीनमध्ये कार्बोरंडमवर घासत बसायचं. क्वार्ट्झचा पिवळेपणा जाऊन तो राखाडी दिसू लागला की जाडी ०.०३ मिलिमीटरवर आली समजायचं. शेवटचे हात नुसत्या बोटांच्या टोकांनी. एक हात जास्त पडला तर कणच उरत नाहीत.

गोमतीकाठची ही माती हिमालयाचाच गाळ, अभ्रकाने भरलेली. पीलात पांढरं अभ्रक अजून गुलाबी-हिरवं झळकतं. अव्वलमध्ये ते फिकटलेलं, कारण त्याच्यातलं पाणी निघून गेलंय. काळं अभ्रक तर लोखंड गंजल्यासारखं लालसर झालेलं. क्वार्ट्झ ५७३ अंशांना रचना बदलतं खरं, पण ते नुसतं अंग वळवणं. एकही बंध तुटत नाही आणि गार होताच ते पूर्ववत. मागे उरल्याच तर भेगा.

आणि मग मायक्रोक्लिन हा फेल्डस्पार. पुण्याच्या बेसाल्टवर डोळे तयार झालेल्या मला त्याची आडवी-उभी जाळी अजूनही नवलाची वाटते. अव्वल विटेत ती शाबूत होती! भट्ट्यात हजार अंशांच्या आसपास तापूनसुद्धा.

या फेल्डस्पारमध्ये तीन सिलिकॉनमागे एक अ‍ॅल्युमिनियम. चार जागांपैकी एकाच ठरावीक जागी तो बसला की मायक्रोक्लिन. चारही जागांवर सारखा विखुरला की सॅनिडिन. सॅनिडिनची रचना डब्ल्यू. एच. टेलर यांनी १९३३ साली उलगडली. दोन्हींची रासायनिक घडण एकच, पण मायक्रोक्लिनचा प्रकाश-अक्षांमधला कोन ऐंशी अंशांच्या घरात, तर सॅनिडिनचा पुष्कळच लहान. म्हणजे अणूंची बैठक बदलली की प्रकाशाची वाट बदलते. गोल्डस्मिथ आणि लाव्हेस यांनी १९५४ साली तापवून हा बदल तपासला. पण अ‍ॅल्युमिनियमने जागा सोडायची तर ऑक्सिजनशी असलेले बंध तुटावे लागतात, आणि कोरड्या उष्णतेत ते फार सावकाश घडतं. भट्ट्यातली आग घेऱ्याने पुढे सरकत जाते. एका विटेच्या वाट्याला ती थोडेच दिवस येते. अभ्रकाला तेवढे पुरतात, मायक्रोक्लिनला नाही. ग्रॅनाइट निवताना बसलेली ती घडी तशीच राहते.

झाम्याची स्लाइड मी शेवटी ठेवली होती. स्टेज फिरवली तरी बराचसा भाग काळाच, कारण काचेला दिशा नसते. गोल बुडबुडे, आणि मध्येच कडा वितळून गुळगुळीत झालेला एक कण. त्याच्या पोटात जाळीचा तुकडा अजून होता. मी स्टेज हळूहळू फिरवत राहिले. ती एकदा उजळे, एकदा विझे.