नक्षी शाबूत, टायर म्हातारा

गाडी कितीही नावाजलेली असो, रस्त्याला ती टेकते साधारण चार तळहातांएवढ्या जागेवर. ब्रेक, वळण, वेग, पावसात सावरणं, सगळं त्या चार तळहातांतून होतं. तरीही जुनी स्पोर्ट्स कार घेणारा माणूस आधी इंजिन ऐकतो, मग रंग बघतो, मग सीटचं चामडं चाचपतो. टायरकडे नजर जाते ती नक्षी किती उरली आहे, एवढं बघण्यापुरतीच.

माझी गाडी माझदा एमएक्स-5, 1999 सालची, दुसऱ्या पिढीची. हिरोशिमाच्या या कंपनीने ही दोन सीटची उघडी गाडी 1989 मध्ये आणली आणि 2016 मध्ये दहा लाखांचा आकडा गाठला. इंजिन फार मोठं नाही. हिची सगळी मजा हलकेपणात आहे. वजन हजार किलोच्या थोडंसं वर, तेही पुढच्या आणि मागच्या चाकांवर जवळजवळ निम्मं-निम्मं. कंपनी त्यासाठी 'जिन्बा इत्ताई' हा जपानी शब्द वापरते: घोडा आणि स्वार एकजीव. मग टायर म्हणजे त्या घोड्याचे नाल.

2024 च्या मार्चमध्ये शारजात मी ही गाडी घेतली, तेव्हा चारही टायरांची नक्षी जवळजवळ नवी होती. व्हिडिओ कॉलवर चिपळूणच्या मोठ्या भाईंना दाखवली. भाई तीस वर्षं टेम्पो चालवतात. टायर बदलायचे म्हणतोय असं सांगितल्यावर ते उखडलेच.

"अरे, अजून तीस-चाळीस हजार किलोमीटर चालतील हे. गोटा तर झाले नाहीत ना? मग चांगला माल काढून टाकायचा, याला इस्राफ म्हणतात."

इस्राफ हा शब्द आमच्या घरात कुणी सहज वापरत नाही. वजू करताना नळ जरा जास्त सुटला तरी बाबा ओरडत. त्यात स्पोर्ट्स कार हीच मुळात चैन. आखातातल्या पैशाकडे गावाकडची नजर कशी असते, हे कोकणातल्या प्रत्येक मुस्लिम घराला ठाऊक आहे. म्हणून भाईंना उडवून न लावता नीट उत्तर देणं मला भाग होतं.

भाईंचं गणित टेम्पोसाठी अगदी बरोबर आहे. टेम्पो रोज पळतो, ओझं वाहतो. त्याचा टायर म्हातारा व्हायच्या आधीच झिजून मरतो, त्यामुळे नक्षी बघितली की पुरे. हौसेची गाडी आठवड्यातून एक-दोनदा निघते, वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर होतात. तिचा टायर झिजायच्या आधी म्हातारा होतो. ऊन, हवेतला ओझोन आणि उष्णता यांनी रबर कडक होत जातं. नक्षी तशीच राहते, पकड मात्र जाते, आणि ती सगळ्यात आधी जाते ओल्या रस्त्यावर.

हे वय वाचता येतं. टायरच्या बाजूला 'डॉट' या अक्षरांपासून सुरू होणारा एक क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे जन्मतारीख. माझ्या टायरवर 4819 होतं, म्हणजे 2019 सालचा 48वा आठवडा. अमिरातीत पाच वर्षांपुढचा टायर चालत नाही. मुदत संपलेल्या टायरवर गाडी चालवली तर 500 दिरहम दंड आणि आठवडाभर गाडी जप्त. माझ्या टायरांना कायद्याने अजून आठ महिने होते. भाई याच आठ महिन्यांवर बोट ठेवत होते. पण आधीच्या मालकाने गाडी उघड्यावर ठेवलेली. टायरच्या कडेला केसाएवढ्या भेगा दिसत होत्या, आणि नखाने दाबून पाहिलं तर रबर बधीर. कायद्याने दिलेली मुदत ही शेवटची हद्द असते. टायर तोवर चांगला राहील, असं वचन कायदा देत नाही.

बदलायचं ठरलं, तरी खरी अडचण पुढेच होती. माझ्या गाडीचं माप 195/50 आर 15. रुंदी 195 मिलिमीटर, उंची तिच्या 50 टक्के, रिम 15 इंची. नव्वदच्या दशकात हे स्पोर्ट्स कारचं माप होतं. आता गाड्या जड झाल्या, रिम 17, 18, 19 इंचांवर गेल्या. कंपन्या उत्तम टायर त्या मापांत काढतात आणि 15 इंचांत बहुतेक साधे, मायलेज देणारे टायर उरतात. दुकानदार लगेच सुचवतो, "रिमच मोठी टाका." मोठी रिम आणि रुंद टायर म्हणजे चाकाचं वजन वाढलं. हलकेपणावर जगणाऱ्या गाडीत ते स्टिअरिंगला लगेच कळतं. चाकाची एकूण उंची बदलली तर स्पीडोमीटरही चुकीचं सांगतो. याच गाडीच्या साध्या आवृत्तीला 185/60 आर 14 यायचा. हिशेब केला तर त्याची उंची 578 मिलिमीटरच्या आसपास येते आणि माझ्या मापाची 576. इंजिनिअरांनी दोन मिलिमीटरचा फरक सांभाळला, तो उगाच नाही.

माझ्या मापात तीन जातीचे टायर समोर आले. पहिले साधे: टिकाऊ, शांत, स्वस्त, पण वळणावर मऊ पडणारे. तिसरे अगदी टोकाचे, हँकूक आरएस-4 किंवा फाल्कन आरटी-615 के-प्लस यांच्या जातीचे. यांचा 'ट्रेडवेअर' आकडा 200 असतो. हा आकडा कंपनी स्वतःच देते, त्यामुळे दोन कंपन्यांची तुलना जपूनच करावी. ढोबळमानाने कमी आकडा म्हणजे मऊ रबर, जास्त पकड आणि लवकर झीज. दुबई ऑटोड्रोमसारख्या ट्रॅकवर असे टायर सोनं आहेत. पण साधारणपणे त्यांच्या खाचा कमी असतात, म्हणून साचलेल्या पाण्यावर ते लवकर तरंगतात. आणि पंचवीस वर्षं जुन्या गाडीत एवढी पकड आली की तिचा जोर सस्पेन्शनच्या रबरी बुशांवर आणि बेअरिंगवर पडतो. तेही त्याच वयाचे.

मधल्या जातीचे म्हणजे रस्त्यासाठी बनवलेले उन्हाळी परफॉर्मन्स टायर, आकडा साधारण तीनशेच्या घरात. मी तेच घेतले. माझा रोजचा रस्ता म्हणजे शारजा ते दुबई, ताशी शंभरच्या पुढे, शेजारी ट्रक. महिन्यातून एखाद्या शुक्रवारी जुम्म्यानंतर जबल जैसचा घाट. ट्रॅकवर मी जात नाही. टायर निवडताना मी स्वतःला एकच प्रश्न विचारला: या गाडीचा सगळ्यात वाईट दिवस कोणता असेल? कोरड्या घाटातल्या सुंदर वळणासाठी तिन्ही जातींपैकी कुठलाही चालला असता. अचानक पाऊस, तेलकट झालेला रस्ता, पुढच्याचा ब्रेक आणि शेजारच्या सीटवर बायको, या क्षणासाठी मधलाच बरा होता.

दुकानात एका प्रसिद्ध कंपनीचे टायर सवलतीत होते. तारीख पाहिली तर तीन वर्षांपूर्वीची. गोदामात पडून राहिलेले ते वय माझ्या खात्यात जमा होणार होतं. दुसऱ्या कंपनीचे चार महिन्यांपूर्वीचे मिळाले, ते बसवले. बसवणारा मुलगा सवयीने 35 पीएसआय हवा मारणार होता. दाराच्या चौकटीवरची पट्टी त्याला दाखवली: चारही चाकांना 26. हलक्या गाडीत जास्त हवा भरली तर ती रस्त्यावर उड्या मारते. हवा थंड टायरवर मोजायची, कारण उन्हात धावल्यावर ती आपोआप वाढते. अलाइनमेंट, बॅलन्सिंग करूनच निघालो.

महिन्याभरात, 16 एप्रिलला, अमिरातीत 1949 पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस झाला. अल ऐनजवळ खत्म अल शकला इथे 24 तासांच्या आत 254.8 मिलिमीटर. चिपळूणला जुलैत एवढा पाऊस पाहिलेल्या भाईंना त्याचं नवल वाटलं नाही, पण वाळवंटात पाण्याला वाट नसते. तो दिवस गाडी जागची हलली नाही. पाण्यात बुडालेल्या रस्त्यावर कुठलाच टायर कामाचा नसतो, हेही समजून असावं. पुढचे कित्येक दिवस ओल्या रस्त्यांचे होते, तेव्हा मात्र नव्या टायरांचा फरक कळला.

जुन्या चार टायरांचं काय करायचं, हा प्रश्न उरला होता. भाई म्हणाले, निदान विकून तरी टाक. ओळखीच्या एकाने आपल्या जुन्या हॅचबॅकसाठी मागितलेही. नक्षी बघून तो खूश होता. वरून कोरडं आणि आत ओलं धान्य विकणाऱ्याची हदीस आपण लहानपणी मदरशात ऐकतो. भेगा आणि तारीख दाखवून विकता आलं असतं, पण स्वस्त मिळतंय म्हणून त्याने घेतलेच असते. जे माझ्या बायकोच्या जिवाला चालत नाही, ते त्याच्या मुलांच्या जिवाला कसं चालेल? मी ते भंगारात दिले.

भाईंना हे पटलं. पैशाचं नाही पटलं, पण हे पटलं. उंट आधी बांधावा, मग तवक्कुल करावं, ही शिकवण त्यांनीच मला सांगितलेली. दोर नवा दिसतो की जुना, यापेक्षा तो ताण सोसतो का ते पाहायचं, एवढीच भर मी घातली. दुसऱ्या दिवशी त्यांनी टेम्पोच्या स्टेपनीचा फोटो पाठवला. स्टेपनी कधीच झिजत नाही, म्हणून तिच्याकडे कधी बघितलं नव्हतं. तिच्यावरचे शेवटचे दोन आकडे होते 11.